मंजुरीपत्र कसं वाचू नये

सर्वप्रथम अभिनंदन. तुमचं गृहकर्ज मंजूर झालं. बँकेतल्या पोराचा फोन आला, तुम्ही अर्धा किलो पेढे आणून देवापुढं ठेवले, शेजारच्या चार घरी दिले, आणि दुसऱ्या दिवशी ते मंजुरीपत्र हातात पडलं. आता एकच पथ्य पाळायचं. ते वाचायचं नाही. बावीस पानांचा ऐवज आहे, त्याचा मान राखा. हळदीकुंकू लावा, लाल फडक्यात बांधा आणि देवघरात ठेवून द्या. पोथी निदान श्रावणात तरी सोडली जाते. हे फडकं तेव्हाही सोडू नका.

मी परभणीचा. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही म्हणतो, आणि असं का म्हणता म्हणून कुणी विचारलं तर त्याला चहा पाजतो, उत्तर देत नाही. आमच्याकडचा माणूस सोयाबीन घेऊन मोंढ्यात गेला की त्याच्याइतका चिकित्सक प्राणी त्रिभुवनात सापडायचा नाही. मॉइश्चरच्या मशीननं बाराच्या जागी तेरा दाखवलं की तो म्हणतो, दुसरी मशीन आणा. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली की हमाली, तोलाई, कडता, एकेक आकडा बोटाखाली दाबून बघतो. दोन किलोच्या घटीसाठी काटेवाल्याचे पूर्वज वर काढतो. तोच माणूस पंचवीस लाखांच्या कर्जासाठी बँकेत गेला की गरीब गाय होतो. एसीची गार हवा लागते, समोरचा पोरगा 'सर' म्हणतो, पेन्सिलीनं फुल्या मारलेली पानं पुढं सरकवतो, आणि 'इथं, इथं, आन् इथं' या तालावर आपल्या सह्या सुरू होतात. मध्येच 'हे काय आहे?' असं विचारणं म्हणजे कीर्तनात उभं राहून बुवांना वेळ विचारण्यासारखं आहे. बरं दिसत नाही.

आता समजा, तरीही नजर गेलीच. होतं असं. पहिली चूक दिसते ती नावात. तुमचं नाव ज्ञानेश्वर असेल तर आधीच तुमचं अभिनंदन मागं घेतो. 'ज्ञ' इंग्रजीत कसा लिहायचा यावर महाराष्ट्रात आजवर एकमत झालेलं नाही. आधारवर डी-एन-वाय, पॅनवर जी-वाय, दहावीच्या सनदेवर हेडमास्तरांना त्या दिवशी जे सुचलं ते, आणि बँकेच्या पत्रात या तिन्हींहून वेगळं पाचवंच काहीतरी. (चौथं लाईटबिलावर आहे.) सल्ला असा की हे बँकेला मुळीच कळवू नका. आज कळवलं तर एका ईमेलचं काम आहे, त्यात काय मजा? वीस वर्षांनी कर्ज फिटलं, मूळ खरेदीखत परत आणायला गेलात, की पत्रातला माणूस मीच हे सिद्ध करा. तोवर डोक्यावरचे केस गेलेले असतील, फोटोही जुळणार नाही, रंगत वाढेल. रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय म्हणा, की कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, आणि बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे हे. पण 'बँकेमुळं' हा शब्द बघितलात ना? नाव जुळेना म्हटल्यावर उशीर कोणामुळं झाला, याच्यावरच पुढचे सहा महिने छान चर्चा होईल.

माझ्या पत्रातलं नाव मात्र बरोबर होतं. मला वाटलं, सुटलो. त्याच संध्याकाळी तात्या आले.

तात्या म्हणजे माझे चुलते. चाळीस वर्षं मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. मराठी वाचतात, हिशेबाचं थोडं उर्दू कळतं, इंग्रजीशी काही देणंघेणं नाही. पेढा खाल्ला, फडकं सोडलं, चष्मा खाली ओढला आणि पानं उलटायला लागले. मी म्हटलं, 'तात्या, इंग्रजीत आहे ते.' म्हणाले, 'असू दे की. आकडे तर आपलेच हायेत.'

आणि त्यांनी फक्त आकडे वाचले. मला इंग्रजी येतं, मी एम.ए. आहे, त्यामुळं मी त्यातलं काहीच वाचलं नव्हतं. तात्यांना ओळी कळत नव्हत्या म्हणून त्यांना गुळगुळीत वाक्यांची अडचण झाली नाही. पान तिसरं, मधला तक्ता, बोट थांबलं.

'तू पंधरा वर्षांचं घेतलं होतंस ना?'

'हो.'

'म्हंजे एकशे ऐंशी महिने. मग हितं दोनशे चाळीस कशाला लिहायलेत?'

मी त्यांना समजावलं. तुम्हालाही समजावतो, कारण अशा वेळी घरातल्या जाणत्या माणसाला गप्प बसवणं हे कर्जदाराचं पहिलं कर्तव्य आहे. म्हटलं, 'तात्या, हप्ता बघा की. त्या पोरानं आधी चिठ्ठीवर 24,618 लिहून दिला होता. इथं 21,696 आहे. उलट महिन्याला जवळपास तीन हजार कमी झाले. बँकेनं आपणहून दिलंय.' तात्यांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत कुण्या आडत्यानं आपणहून काही दिल्याचं त्यांना आठवत नसावं. खिशातून सोयाबीनची जुनी पट्टी काढली, उलटी केली आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीनं गुणाकार मांडला. साडेआठ टक्क्यांनी पंचवीस लाखांचे एकशे ऐंशी हप्ते, 44,31,240. तेच दोनशे चाळीस हप्ते, 52,07,040. खाली रेघ ओढून फरक लिहिला. 7,75,800.

'ह्ये कोण भरणार हाय?'

मी म्हटलं, मीच. पण हळूहळू.

2025-26 च्या हंगामातला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. म्हणजे एका आकड्याच्या चुकीपायी एकशे पंचेचाळीस क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. आणि तो किती जणांना मिळतो, हे मोंढ्यात विचारा. शिवाय मॉइश्चर.

तर तुमच्या पत्रात असं काही निघालं तर आनंद माना. लांब मुदत म्हणजे बँकेशी लांब नातं. सोयरीक जुळवताना आपण एवढ्या वर्षांची हमी मागतो का?

दुसऱ्या दिवशी तात्या मला ओढतच शाखेत घेऊन गेले. त्या पोराचा काही दोष नाही, हे आधी सांगतो. त्याला महिन्याचं टार्गेट होतं, टेबलावर अर्धा डबा उघडा होता, आणि मागं अकरा माणसं थांबली होती. त्यानं पत्र बघितलं, स्क्रीन बघितली आणि म्हणाला, 'सिस्टीमनं घेतलं असंल, सर.'

सिस्टीम ही अलीकडं वसलेली आमची नवी ग्रामदेवता. तिचं ठाणं कुठं आहे ठाऊक नाही, तिला कोणी पाहिलेलं नाही, पण शाखेतलं पानसुद्धा तिच्या मर्जीशिवाय हलत नाही. माझ्या पगाराच्या दाखल्यावर हेडमास्तरांचा शिक्का अर्धवट उठला होता, तेव्हा सिस्टीमनं ते ताबडतोब पकडलं आणि मला दोन चकरा मारायला लावल्या. एकशे ऐंशीचे दोनशे चाळीस झाले, तेव्हा मात्र देवीचा डोळा लागला होता.

'पण काका, हप्ता कमीच झालाय ना,' पोरगा तात्यांना म्हणाला. कालचंच माझं वाक्य. मला जरा अभिमान वाटला. बँकेत नोकरी लागली असती मला. 'आन् मधी मधी जास्तीचे पैसे भरत राहायचे. फ्लोटिंग हाय, दंड लागत नाही.'

हे खरं आहे. वैयक्तिक गृहकर्जाचा दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता, असेल तर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकांनी घ्यायचा नाही, हा नियम 2012 पासून आहे. पण पत्रात 'फ्लोटिंग' लिहिलंय का 'फिक्स्ड', हे बघायला पान उघडावं लागेल, आणि आपलं ठरलंय की उघडायचं नाही.

तात्या म्हणाले, 'दुरुस्त करून द्या.' पोरगा चांगला होता. त्यानं लगेच खिशातलं निळं पेन काढलं, 240 वर आडवी रेघ मारली, वर 180 लिहिलं आणि बाजूला इवलीशी सही ठोकली. 'झालं, सर.' मी उठलोच होतो. तुम्हीही असंच उठा. हातानं केलेली दुरुस्ती दिसायला फार सुंदर असते, आणि हप्ता कापणाऱ्या कॉम्प्युटरला ती दिसत नाही हा तिचा सर्वात मोठा गुण. करारनाम्यात 240, स्क्रीनवर 240, फक्त तुमच्या फडक्यातल्या प्रतीवर 180. नवं मंजुरीपत्र छापून मागणं, करारनाम्याशी ताडून बघणं, अर्ज लेखी देऊन पोच घेणं, हे सगळे कोर्टकचेरीच्या माणसांचे धंदे. 'आमच्या दुरुस्तीच्या अर्जाची प्रत शिक्का मारून द्या' असं म्हटलं की सगळी शाखा तुमच्याकडं बघते. मुलाचं लग्न जमायचं आहे अजून.

तात्यांचं कुणाचं लग्न जमवायचं राहिलेलं नव्हतं. ते बसूनच राहिले. म्हणाले, 'आमच्याकडं पट्टीवर खाडाखोड झाली तर पट्टी फाडून दुबार काढायचे, बाबा.'

तिथंच पुढचं प्रकरण निघालं. तात्यांचं बोट पान सोळावर. 'कर्ज पंचवीस लाख. मग हे पंच्याऐंशी हजार कोणाचे?' पोरगा म्हणाला, तो विमा आहे. सरांना काही झालं तर कर्ज फिटेल, घर वाचेल. एकरकमी हप्ता आहे, पण सरांना खिशातून भरायला नको म्हणून कर्जातच घेतलाय. किती ही काळजी! तात्यांनी परत पट्टी उलटी केली. 85,000 वर महिना 738, दोनशे चाळीस महिने, 1 लाख 77 हजारांच्या वर. म्हणजे मी मेलो तर काय होईल याची सोय म्हणून मी जगलो तर दुप्पट भरायचे. मी अर्ज करताना अशा विम्याचा रकाना भरला होता का? आठवत नाही. सही तर माझीच होती, पेन्सिलीच्या फुलीवर. कर्जासाठी आयुर्विमा घेतलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि घेतला तर अमुक कंपनीचाच असाही नाही. पण एवढ्या मायेनं दिलेली वस्तू परत कशी करायची? हळदीकुंकवाचं वाण कोणी परत करतं का?

व्याजदराचं तर मी माझ्यापुरतं मिटवून टाकलं होतं. पण तुमच्यासाठी सांगतो, कारण हा घोळ पुष्कळ ठिकाणी होतो. पहिल्या पानावर 8.50 असतं आणि परिशिष्टात 8.75. घाबरू नका, दोन्ही खरं मानायचं. पाहुण्यांना सांगायला 8.50, हप्ता भरायला 8.75. पंचवीस लाखांवर वीस वर्षांत फरक पडतो फक्त महिन्याला 397 रुपये. एकूण 95 हजारांच्या आसपास, म्हणजे मोठ्या कर्जाची किरकोळ दक्षिणा. आणि तो 'स्प्रेड' नावाचा शब्द दिसला तर पान उलटा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधावी लागतात, बहुतेक जणी रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उधार देते त्याला, बांधतात, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर नव्यानं लावावा लागतो. त्या रेपोवर बँक जे चढवते तो स्प्रेड. 2025 च्या फेब्रुवारी ते जून एवढ्या काळात रेपो 6.50 वरून 5.50 वर आला. आपला हप्ता किंवा मुदत त्याप्रमाणं उतरली का, हे बघणारे लोक असतात. तेच लोक एसटीत सुटे पैसे परत मागतात. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर ही रेपोची सक्तीच नाही, तिथं कंपनीचा स्वतःचा दर. बघायचा प्रश्नच मिटला.

आता कुणी शहाणा तुम्हाला म्हणेल, चूक ही चूकच असते, कधी इकडं होते कधी तिकडं. त्याला 29 एप्रिल 2024 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक दाखवू नका, उगाच त्याची श्रद्धा ढळेल. तपासणीत काय काय सापडलं ते त्यात लिहिलंय. कर्जाचे पैसे दिले त्या दिवसापासून व्याज लावायचं सोडून मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून लावलं. चेकवर तारीख आधीची, चेक हातात दिला पुष्कळ दिवसांनी, व्याज मात्र चेकच्या तारखेपासून. महिन्याच्या मध्येच पैसे दिले किंवा फिटले तरी अख्ख्या महिन्याचं व्याज. जास्तीचं घेतलंय ते परत करा, असंही बजावलंय. त्यात दिलेले सगळे नमुने एकाच बाजूला कललेले आहेत. काट्याचं एकच पारडं रोज खाली जात असेल तर आमचे तात्या त्याला चूक म्हणत नाहीत. काय म्हणतात ते इथं छापता येणार नाही.

हप्त्याची तारीख हा विषय मी वरवर सोडतो. माझ्या पत्रात 5 तारीख होती. मी शिक्षक. पगार कधी होईल हे कोषागाराला ठाऊक, आणि कोषागारालाही ते पगार झाल्यावरच कळतं. 10 करून घ्या म्हणून बायको पहिल्या दिवसापासून सांगत होती. तिचं ऐकलं असतं तर हा लेख अर्धाच झाला असता.

शेवटी त्या पोरानं तात्यांना शांत करायला दोन पानांचा एक वेगळा कागद काढून दिला. याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या रिटेल, म्हणजे वैयक्तिक, कर्जांना तो द्यावाच लागतो. कर्जाची रक्कम, मुदत, सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, विम्यापासून वकिलाच्या फीपर्यंत एकेक शुल्क, सगळं एका जागी. त्यात नसलेलं शुल्क नंतर कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तो दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यायचे. आणि तो कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यायचा, समजावून सांगायचा, तसं सांगितल्याची त्याची सही घ्यायची. आमच्या कागदावर सहीच्या वर तसं वाक्य होतंही, की हा मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे. ते वाक्य इंग्रजीत होतं.

मी तात्यांना ते वाचून दाखवलं. इतक्या वेळात पहिल्यांदा हसले.

तक्रारीचं म्हणाल तर तो मार्ग अजिबात धरू नका, कारण तो मोफत आहे, आणि फुकटच्या गोष्टीला आपल्यात किंमत नाही. आधी बँकेकडं लेखी द्यायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं. पोर्टलवर तक्रार टाकता येते, 14448 वर फोन लावून माहिती मिळते, वकील लागत नाही. त्यापेक्षा चौकात टपरीवर उभं राहून 'सगळ्या बँका चोर हायेत' असं म्हणावं. चहाचे दहा रुपये जातात, पण मन मोकळं होतं, आणि टपरीवाला तीस दिवस थांबायला लावत नाही.

आम्ही लेखी दिलं. तात्या समोर बसलेले होते, माझा नाइलाज होता. पोच घेतली. शिक्का नीट उठला नाही म्हणून तात्यांनी दुसऱ्यांदा मारून घेतला. मला माझ्या हेडमास्तरांची आठवण झाली.

आठ दिवसांनी नवं पत्र आलं. मुदत 180. हप्ता 24,618. विमा गायब. तारीख 10. व्याज सगळीकडं 8.50. मी इतका हरखलो की तिथंच टेबलावर पेनाचं टोपण काढलं. पोरगाही खूश होता, त्यानं फुल्या आधीच मारून ठेवल्या होत्या. तात्यांनी चष्मा खाली ओढला आणि पहिल्या पानापासून आकडे वाचायला सुरुवात केली. पान अकरावर बोट थांबलं.

'आपला प्लॉट कितवा?'

'चौदा.'

'हितं एक्केचाळीस हाय.'

कोणी काही बोललं नाही. वरचा पंखा तेवढा फिरत होता. एक्केचाळीस नंबरवर कोणाचं घर आहे मला माहीत आहे. भला माणूस आहे, त्याला माझे हप्ते कळले असते तर वाईट वाटलं असतं. मी पोराकडं बघितलं, पोरानं स्क्रीनकडं बघितलं. म्हटलं, 'तात्या, आता पेनानंच करून घेऊ का?'

तात्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं.

'तीन दिस हायेत म्हणलास ना? आज पयलाच हाय.'